मेंदूवर डोळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या टेबलावरचा सगळ्यात दांडगा योद्धा दीड तास लौंग सेव खात बसला होता. शनिवारची संध्याकाळ, इंदूरच्या रामबागेतलं आमचं घर, पाच जणांचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ रंगात आलेला. याच्या पात्राच्या अंगावर चिलखत, दोन हातांनी पेलायची तलवार, ४४ हिट पॉइंट्स, म्हणजे मार सोसायची ताकद. तरी हा जागचा हलू शकत नव्हता, कारण माझ्या राक्षसाने त्याच्याकडे तोंड करून नुसता विचार केला होता. पाळी आली की फासा टाकायचा, आकडा कमी पडायचा, की परत हात पुड्यात. शेवटी म्हणाला, "मामा, मी घरी जाऊ का? आईला भाजी आणून द्यायची आहे."

सोळा वर्षांच्या मुलाला भाजी आणायची आठवण आपणहून होते, तेव्हा खेळ चालवणाऱ्याने समजावं की आपलं काहीतरी चुकलंय.

ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे कर्ते. पट लागतोच असं नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. चार-पाच जण एकेक पात्र घेतात आणि एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम, होतो. गाव, जंगल, पाऊस, राक्षस, सगळं डीएमच्या तोंडून. माझ्या आईने एकदा अर्धा तास बसून हा प्रकार पाहिला आणि म्हणाली, "कीर्तनच की हे. फक्त श्रोते मध्येच उठून बुवांना सांगतात आम्ही आता काय करतो, आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो." याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

आता साधा राक्षस घ्या. तो सोटा घालतो, तुमचे हिट पॉइंट्स कमी होतात. पण पॉइंट्स कमी झाले म्हणून खेळ थांबत नाही. एकच पॉइंट उरलेला माणूसही तलवार उपसू शकतो, पळू शकतो, पाया पडू शकतो, थाप मारू शकतो. मनावर चालून येणारा राक्षस मात्र वेगळ्याच खिशात हात घालतो. या खेळात खेळाडूपाशी मालमत्ता म्हणून एकच गोष्ट असते: "मी आता हे करतो" असं म्हणायचा हक्क. हे राक्षस नेमके त्यावर येतात. म्हणून त्यांचे दात किती आणि सोंडा किती हे मोजण्यात फारसा अर्थ नाही. तो काय हिरावून घेतो आणि ते परत मिळायची वाट कुठे ठेवलीय, एवढं बघितलं की राक्षस कळतो.

या शक्तींना खेळात 'सायॉनिक' म्हणतात. शब्द जुन्या विज्ञानकथांतून आलेला. १९३०च्या दशकात ड्यूक विद्यापीठात जे. बी. राइन मनकवडेपणाचे प्रयोग करत होते. २५ पत्ते, त्यांवर पाचच चिन्हं: वर्तुळ, अधिक, लाटा, चौकोन, तारा. न बघता पत्ता ओळखायचा. डोळे मिटून ठोकून दिलं तरी सरासरी पाच बरोबर येतातच, तेव्हा प्रश्न इतकाच की कुणाचे सातत्याने जास्त येतात का. त्या प्रयोगांवर पुढे सडकून टीका झाली आणि विज्ञानाने टेलिपथी काही मान्य केली नाही. पण 'साय' हे ग्रीक अक्षर असल्या शक्तींची खूण म्हणून चिकटलं, कथालेखकांनी त्याला इलेक्ट्रॉनिक्सचं शेपूट जोडलं आणि सायॉनिक्स तयार झालं. एकूण काय, आधुनिक दिसणारी सिद्धी.

मग जादूत आणि यात फरक काय, हे नवा खेळाडू हमखास विचारतो. पुस्तकातलं उत्तर कोरडं आहे. आपल्याकडचं सोपं आहे: मांत्रिक आणि योगी. मांत्रिकाला मंत्र लागतो, हातवारे लागतात, लिंबू-राख-कवडी असलं साहित्य लागतं. खेळातल्या जादूगारालाही हेच तीन घटक लागतात. त्याच्या तोंडात बोळा कोंबा, हात बांधा, झोळी पळवा, बहुतेक मंत्र बंद. योग्याचं काय बंद करणार? ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली त्या कथेत ना लिंबू आहे ना राख. योगसूत्रांच्या विभूतिपादात दुसऱ्याचं चित्त जाणणं आहे, दुसऱ्याच्या शरीरात शिरणंही आहे. आणि गंमत म्हणजे तिथेच सांगून ठेवलंय की या सिद्धी समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत. कुठल्याही डीएमला पटेल असं वाक्य.

टेबलावर या फरकाचा परिणाम खणखणीत होतो. माइंड फ्लेअर नावाचा जो मुख्य राक्षस आहे, त्याचे मंत्र कुठल्याही घटकांशिवाय चालतात. ओठ हलत नाहीत, बोटं हलत नाहीत. समोरचा मंत्र टाकतोय हे दिसलं तरच तो मंत्र तोडता येतो, आणि इथे दिसायलाच काही नाही. आमच्या विझार्डने, म्हणजे जादूगाराने, प्रतिमंत्र जपून ठेवला होता, तो तसाच राहिला.

या राक्षसांचा इतिहास थोडक्यात उरकतो. माइंड फ्लेअर १९७५ साली खेळाच्या कंपनीच्या छोट्या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात आला. एका भयकथेच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून तो सुचला, असं गायगॅक्स सांगत. माणसाचं धड, डोकं ऑक्टोपससारखं, तोंडाभोवती चार सोंडा, आहार मेंदू. पुढच्याच वर्षी एका पुरवणी पुस्तकात सायॉनिक नियम आले: हल्ल्याचे पाच प्रकार, बचावाचे पाच प्रकार, आणि कुठल्या हल्ल्याला कुठला बचाव कितपत पुरतो याचे तक्ते. आयकर विवरणपत्र बरं वाटावं असं प्रकरण. मधल्या आवृत्त्यांनी ते अनेकदा मोडून पुन्हा बांधलं. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत राक्षसांपुरतं तरी सगळं एका साध्या गोष्टीवर आणलं गेलं: सेव्हिंग थ्रो. आम्ही अजून तीच पुस्तकं वापरतो, त्यामुळे पुढचे आकडे त्यांतले.

सेव्हिंग थ्रो म्हणजे वाचायची संधी. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या गुणाचा (बुद्धिमत्ता, ताकद, शहाणपण वगैरे) आकडा मिळवायचा, ठरलेल्या आकड्याइतका किंवा जास्त आला तर वाचलो. आता माइंड फ्लेअरचा माइंड ब्लास्ट बघा. समोर ६० फुटांपर्यंत शंकूसारखा पसरतो. जे कोणी त्यात सापडतील त्यांनी बुद्धिमत्तेवर सेव्ह करायचा, आकडा १५. चुकलं तर सरासरी २२ नुकसान आणि वर मिनिटभर सुन्न. खेळातलं मिनिट म्हणजे दहा राउंड, म्हणजे प्रत्येकाच्या दहा पाळ्या. आपल्या प्रत्येक पाळीच्या शेवटी पुन्हा फासा टाकून सुटायचा प्रयत्न करता येतो.

माझ्या भाच्याच्या योद्ध्याची बुद्धिमत्ता ८, म्हणजे फाशातून एक वजा. त्याला वाचायला १६ किंवा वर हवा. वीस बाजूंपैकी पाच. शंभरात पंचवीस. म्हणजे सरासरी चार पाळ्या जाणार. आमच्याकडे पाच जणांचा एक राउंड फिरायला वीस मिनिटं सहज लागतात, कारण मध्ये चहा येतो, कुणीतरी "भिया, थांब, मला परत विचार करू दे" म्हणतं. चार गुणिले वीस. झाला की हिशोब! त्याचं नशीब काही विशेष वाईट नव्हतं, नियमाप्रमाणेच दीड तासाच्या आसपास शेव खायची होती.

उलट विझार्ड. बुद्धिमत्ता १८, शिवाय बुद्धिमत्तेच्या सेव्हचं प्रशिक्षण, मिळून सात अधिक. त्याला ८ आला तरी पुरे; शंभरात पासष्ट. एरवी एका फटक्यात आडवा होणारा किडमिडा माणूस इथे टिकतो आणि पैलवान कोसळतो. यामागे एक गोम आहे. पाचव्या आवृत्तीत बुद्धिमत्तेवर सेव्ह मागणाऱ्या गोष्टी फार थोड्या. अनुभवी खेळाडूंना ते ठाऊक असतं, म्हणून विझार्ड सोडून जवळजवळ सगळे बुद्धिमत्तेत सगळ्यात कमी आकडा, ८, ढकलून देतात आणि वाचलेले गुण ताकदीत घालतात. आपल्याकडे घर बांधताना मागची भिंत विटांची न करता पत्रा ठोकतात, कोण बघायला येतंय मागून, तसं. माइंड फ्लेअर मागूनच येतो.

याहून माझा राग इंटेलेक्ट डिव्हाउररवर आहे. चार पायांवर चालणारा मेंदू, दिसायला विनोदीच. धोक्याचा दर्जा फक्त दोन, म्हणजे नवख्या टोळीसमोर सोडायला हरकत नाही असं पुस्तक सुचवतं. आता करणी बघा. बुद्धिमत्तेवर सेव्ह, आकडा १२. आठ बुद्धिमत्तेचा माणूस इथे शंभरात साठ वेळा चुकतो. चुकला की नुकसान होतंच, शिवाय डीएम सहा बाजूंचे तीन फासे टाकतो. बेरीज तुमच्या बुद्धिमत्तेइतकी किंवा जास्त आली तर बुद्धिमत्ता थेट शून्य. तीन फाशांवर आठ किंवा वर येण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के. दोन्ही गुणा: पन्नास टक्के. एका झटक्यात, निम्म्या वेळा, माणूस दगड होऊन पडतो. सोळा बुद्धिमत्ता असेल तर त्या तीन फाशांची भीती पाच टक्क्यांच्याही आत.

आणि परत मिळायची वाट? ग्रेटर रिस्टोरेशन हा पाचव्या पायरीचा मंत्र. तो क्लेरिकला, म्हणजे देवाच्या जोरावर मंत्र टाकणाऱ्या पात्राला, नवव्या लेव्हलला मिळतो. ज्या टोळीसमोर हा प्राणी सोडायचा ती दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलची. म्हणजे ताप आलेल्याला सांगायचं, औषध आहे, पण तुमचा मुलगा डॉक्टर होईपर्यंत थांबा. त्यातून तो प्राणी पडलेल्या माणसाचा मेंदू फस्त करून कवटीत जाऊन बसू शकतो, आणि मग तुमचं पात्र चालतं-बोलतं, त्याला तुमच्या सगळ्या गोष्टी ठाऊक असतात, फक्त ते तुम्ही नसता. परकायाप्रवेश, पण भाडं न देता. कल्पना म्हणून मला हे फार आवडतं. एखाद्या दुकानदाराला, कोतवालाला असं करून ठेवावं आणि खेळाडूंना हळूहळू संशय येऊ द्यावा. पण खेळाडूच्या पात्रावर हे मी वापरत नाही. वापरायचंच असेल तर जवळच्या देवळात तो मंत्र येणारा म्हातारा पुजारी आधी बसवून ठेवावा, आणि त्याची काहीतरी अट असावी.

(जाता जाता: मनावरचं नुकसान लोखंडी गोलेमला, म्हणजे जादूने चालणाऱ्या पुतळ्याला, होत नाही, कारण त्याला मनच नाही. सांगाड्याला मात्र होतं. कवटी रिकामी असून. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.)

माइंड ब्लास्ट मी काढून टाकला नाही. त्याच्या सुन्न होण्याला एक खिडकी पाडली. सेव्ह चुकला तरी खेळाडूला विचारायचं: पाळी सोडतोस, की डोकं फुटायची वेळ आली तरी काहीतरी करतोस? करायचं असेल तर आठ बाजूंचे दोन फासे इतकं नुकसान घे आणि एकच गोष्ट कर, एक तर हल नाहीतर मार. राक्षस तितकाच भयंकर राहतो, कदाचित जास्तच, कारण आता योद्धा स्वतःच्या हाताने आपले हिट पॉइंट्स खर्च करतो. पण "काय करू" हा प्रश्न त्याच्याकडे परत जातो. पहिल्यांदा हा नियम लावला तेव्हा भाचा दोनदा मरता मरता वाचला आणि शेवेचा पुडा उघडलाच नाही.

दुसऱ्या जातीचा राक्षस पाळी काढून घेत नाही, इच्छा काढून घेतो. त्यातला सरस म्हणजे अबोलेथ, पाण्यात राहणारा प्राचीन मासा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणी बाळगणारा. तुम्ही त्याच्याशी मनातून बोललात आणि तुम्ही त्याच्या नजरेसमोर असाल, तर तुमची सगळ्यात मोठी हाव त्याला कळते. दिवसातून तीनदा तो एखाद्याला गुलाम करायचा प्रयत्न करतो; सेव्ह शहाणपणावर, आकडा १४. गुलाम झालेल्याला मार लागला की सुटायची एक संधी मिळते, हा नियम मला विशेष प्रिय आहे. मित्राला शुद्धीवर आणायला मुस्काटात द्यायची, हे सगळ्या गावांतलं जुनं औषध.

आमची मोहीम मांडूत चालते, जरा बदललेल्या मांडूत. जहाज महालाच्या शेजारच्या मुंज तलावात मी अबोलेथ ठेवला होता. माझी वहिनी क्लेरिक खेळते. तिचा सेव्ह चुकला. इथे बरेच डीएम चूक करतात: "आता तुझं पात्र मी चालवतो" म्हणून कागद ओढून घेतात. मी तिला गुपचूप चिठ्ठी दिली: तळ्यातला तो तुझा मित्र आहे. उद्या पहाटे सगळ्यांना पाण्यापर्यंत आण. कसं आणायचं ते तूच बघ. चिठ्ठी वाचताना तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही. पाच मिनिटांनी अगदी साळसूदपणे म्हणाली, "अरे, उद्या नरकचतुर्दशी ना? परमुलखात आहोत म्हणून काय झालं, पहाटे तळ्यावर अभ्यंगस्नान करू. उटणं मी आणलंय." चौघंच्या चौघं टॉवेल घेऊन निघाले. तिची इच्छा राक्षसाची होती, अक्कल तिचीच राहिली. खेळाडूला बाहुली न करता फितूर केलं, की ताबाही खरा वाटतो आणि तिच्या वाट्याला संध्याकाळची सगळ्यात मोठी भूमिका येते. शेवटी गुडघाभर पाण्यात भाच्याला शंका आली आणि त्याने मामीला, खेळातल्या खेळात, एक ठेवून दिली. सेव्ह झाला.

एक गोष्ट मात्र मोहीम सुरू व्हायच्या आधी विचारायची: मनावर ताबा, मित्राकडून फसवणूक, हे टेबलावर चालेल का? काहींना तो विषय गमतीचा वाटत नाही, आणि कारण सांगायला त्यांना भाग पाडू नये. "नको" म्हटलं की तो राक्षस कपाटात.

फ्लम्फलाही विसरू नका. फ्लम्फ म्हणजे हवेत तरंगणारा, जेलीफिशसारखा, अगदी सज्जन जीव. इतर सायॉनिक प्राण्यांच्या मनाचं उष्टं खाऊन तो जगतो, त्यामुळे नको ते विचार त्याच्या पोटात जातात. साठ फुटांत कुणीही कुणाशी मनातून बोललं तरी त्याला ऐकू येतं. जुन्या वाड्यातला सामायिक नळ जसा, तिथे उभं राहिलं की सगळ्या घरांच्या भानगडी कळत, तसा. माइंड फ्लेअरच्या गुहेत उतरण्याआधी खेळाडूंना बातमी हवी असेल तर एक घाबरलेला फ्लम्फ भेटवावा. लढाई नाही, नुसत्या गप्पा, आणि शेवटी त्याचं अजीर्ण.

तिसरी जात मला पुस्तकात नीट सापडेना: खोटं खरं म्हणून दाखवणारी, जिच्यात पाळीही तुमची, इच्छाही तुमची, फक्त पायाखालचा रस्ता तुमचा नाही. मग आठवली आजी. ती रत्नागिरीकडची, लग्न होऊन इंदूरला आली, येताना भुतं घेऊन आली. मुंजा, हडळ, झोटिंग, आणि चकवा. चकवा कुणाला मारत नाही, दिसतही नाही. वाटसरू ओळखीच्या रस्त्याने निघतो आणि रात्रभर त्याच त्या जागी फिरत राहतो. यापेक्षा अस्सल सायॉनिक राक्षस कुठला? आजीचा उतारा ठरलेला होता: चालू नये. आहे तिथे बसावं. उजाडलं की उतरतो.

माझा चकवा असा. नुकसान शून्य, अंग नाही, तलवार चालत नाही. दर तासाला शहाणपणावर सेव्ह, आकडा १३. फासे मी पडद्याआड टाकतो आणि प्रत्येकाला चिठ्ठी देतो. ज्याचा सेव्ह झाला त्याच्या चिठ्ठीत खरा रस्ता, ज्याचा चुकला त्याच्या चिठ्ठीत खोटा, आणि दोन्ही चिठ्ठ्यांची भाषा सारखीच. आपली कुठली ते कुणालाच ठाऊक नाही. चालत राहिलात तर दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा, बसून राहिलात तर मोठा. शहाणपणाचा एक अधिक असेल तर चालणारा शंभरात वीस वेळा सुटतो, बसणारा सत्तर वेळा. हा हिशोब मी खेळाडूंना सांगितलेला नव्हता.

मांडूत खुरासानी चिंचेची झाडं आहेत, म्हणजे बाओबाब. खोड इतकं जाड की चार माणसांच्या कवेत मावणार नाही. धुकं, रात्र, दरीकडे उतरणारी वाट, आणि असं एक झाड. तासाभराने पुन्हा एक झाड. वहिनीच्या चिठ्ठीत रस्ता डावीकडे, विझार्डच्या उजवीकडे. तिसऱ्यांदा झाड आलं तेव्हा खोडावर भाच्यानेच मघाशी मारलेला तलवारीचा वार होता. मग जी जुंपली! प्रत्येकाला आपली चिठ्ठी खरी वाटत होती. भाचा बराच वेळ गप्प होता. त्याने त्याची चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

"मी बसतो," म्हणाला. "इथेच. झाडाला टेकून."

"अरे, पण राक्षस मागे असेल तर?"

"पणजी म्हणायची ना, बसायचं."

पुढची चाळीस मिनिटं तो बसून होता. बाकीचे धुक्यात गोल गोल फिरून त्याच्याच पायाशी येत राहिले. दर खेपेला त्याने त्यांना शेव विचारली.